स्मूदनिंग सोडायचं ठरवलंय? नागपुरात कुरळे केस परत वाढवताना

स्मूदनिंग केलेला केस परत कुरळा होत नाही. कोणतंही तेल लावा, कितीही महागडा मास्क लावा, सरळ झालेला भाग सरळच राहतो आणि शेवटी कापूनच जातो. कुरळे येतात ते मुळाशी नव्याने उगवणारे. एवढं एकदा मनाशी पक्कं झालं की निम्मा खर्च वाचतो, कारण ‘कर्ल परत आणून देतो’ म्हणणाऱ्या बाटल्यांना बाजारात तोटा नाही.

मी प्रतापनगरकडे पार्लर चालवते. स्मूदनिंग करून देणारीही मीच आणि ते सोडायला निघालेल्यांच्या केसांना कात्री लावणारीही मीच. लग्नाआधी केस सरळ करून घ्यायचे, मग दर सहा-आठ महिन्यांनी मुळांचा टचअप, मग बाळंतपण किंवा बदली, टचअप राहून जातो आणि आरशात वर कुरळं, खाली सरळ असं काहीतरी दिसायला लागतं. त्यावर घरातल्या मोठ्या बाईचं ठरलेलं वाक्य येतं, “काहून वं, केसाले तेल-पाणी नाही का?” या टप्प्यावर बऱ्याच जणी घाबरून परत टचअपला येतात. ज्यांना यायचं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी डोक्यावर नेमकं काय झालंय ते ओळखा

पार्लरच्या दरपत्रकावर नावं अनेक असतात, पण प्रकार मुख्यतः दोन. स्ट्रेटनिंग, रिबॉन्डिंग आणि बहुतेक स्मूदनिंग हे एका घरातले. केस केराटिन नावाच्या प्रोटीनचा असतो आणि त्या प्रोटीनचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना जखडलेले असतात. केसाचं वळण हेच बंध धरून ठेवतात. पहिल्या क्रीममधलं थायोग्लायकोलेट ते तोडतं, मग प्रेसिंग मशीनने केस चपटा सरळ केला जातो आणि दुसरं क्रीम, म्हणजे न्यूट्रलायझर, त्या सरळ अवस्थेतच बंध पुन्हा जोडतं. त्या केसापुरतं हे कायमचं.

केराटिन आणि हेअर बोटॉक्स हा दुसरा प्रकार. यात केसावर आणि थोडा आत एक लेप बसवतात, तो तीन ते पाच महिन्यांत धुऊन जातो. तुमचं फक्त केराटिन झालं असेल तर कापायची घाई करू नका. मात्र तो लेप बसवताना दोनशे अंशांच्या वर तापलेली प्रेस केसावरून अनेकदा फिरते, म्हणून लेप गेल्यावरही काही बटा मरगळलेल्या राहतात. त्या उष्णतेने जळलेल्या असतात आणि त्यांचाही इलाज कात्रीच.

काय केलं होतं ते आठवत नसेल तर साधी तपासणी करा. केस स्वच्छ धुवा, काहीही लावू नका, कंगवा फिरवू नका, पंख्याखाली तसेच सुकू द्या. कानामागची एक बट आणि मानेजवळची एक बट नीट बघा. मुळाशी वळण आणि खाली लांबीवरही थोडं थोडं वळण दिसत असेल तर लेप उतरतोय, थांबा. मुळाशी वळण आणि एका ठरावीक जागेपासून खाली सुतासारखं सरळ असेल तर ते कायमचं काम आहे.

रिलॅक्सर हा आणखी एक प्रकार, आपल्याकडे क्वचितच दिसणारा. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड किंवा ग्वानिडीन असतं आणि तो अमेरिकेत मुख्यतः आफ्रिकन वंशाच्या बायका वापरत आल्या. ‘ट्रान्झिशन’ (सरळ भाग हळूहळू कापत नवे केस वाढवणं) आणि ‘बिग चॉप’ (सगळा सरळ भाग एकदम कापणं) यांची सगळी रीत त्यांनीच घडवली, यूट्यूबवर आपण पाहतो ती. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यांचे केस बहुधा फार घट्ट वळणाचे, आपले बहुतेकींचे नागमोडी ते कुरळे. त्यांच्यासारखं शिया बटर थापून मे महिन्यात बर्डीच्या बाजारात गेलात तर संध्याकाळपर्यंत केस तेलकट दोऱ्या होतील. आणि परदेशात राहून आलेल्या असाल, तिथे रिलॅक्सर झाला असेल, तर इथे पार्लरवालीला आधी सांगा. हायड्रॉक्साइड झालेल्या केसावर थायो लावलं तर केस हातात येतो.

कात्रीचा हिशेब

केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो, वर्षाला सहा इंच. कुणाचा थोडा कमी, कुणाचा थोडा जास्त. वाढ दुप्पट करणारं तेल अस्तित्वात नाही.

आता समजा तुमचे सरळ केस सोळा इंच आहेत. दर तीन महिन्यांनी दीड इंच कापलात तर जेवढं वाढलं तेवढं गेलं, लांबी आहे तशीच दिसते आणि कुणाला काही कळतही नाही. पण सगळा सरळ भाग संपायला पावणेतीन वर्षं लागतात. दर तीन महिन्यांनी तीन इंच कापलात तर सोळा-सतरा महिन्यांत काम संपतं, तेव्हा हातात आठ इंचांचे स्वतःचे केस असतात आणि मधल्या काळात खांद्यापर्यंतचा बॉब मिरवावा लागतो. तिसरा रस्ता म्हणजे बिग चॉप. चार-पाच इंच नवे केस आले की बाकी सगळं एका दिवशी काढून टाकायचं.

माझं मत विचाराल तर मधला रस्ता बरा. पावणेतीन वर्षं दोन प्रकारचे केस सांभाळताना बहुतेकींचा धीर वर्षभरातच सुटतो. बिग चॉप मला स्वतःला फार आवडतो, पण तो हौसेने करायचा. भांडण झालं म्हणून किंवा परीक्षा संपली म्हणून त्या तिरमिरीत खुर्चीत बसलेल्या मुलीला मी आठवडाभराने यायला सांगते.

कापणाऱ्याला दोन गोष्टी सांगायच्या: रेझर नको, थिनिंगची कात्री नको. दोन्हींनी टोकं विरळ होतात आणि आधीच कमजोर असलेला सरळ भाग वरपर्यंत फाटत जातो.

सगळी निगा सांध्याची

नवा कुरळा केस आणि जुना सरळ केस जिथे मिळतात ती जागा या काळात सर्वांत नाजूक असते. ओल्या केसांची एक पातळ बट चिमटीत धरून मुळाकडून खाली बोटं सरकवा. वळणं संपून केस अचानक गुळगुळीत, चपटा लागतो, तो सांधा. वर केस वाकतो, खाली वाकत नाही, आणि ओढ बसली की नेमका तिथेच तुटतो. बेसिनमध्ये मुळाशिवाय तुटलेले लांब सरळ केस दिसायला लागले तर ते बहुधा तिथलेच.

म्हणून बाकी सगळं विसरलात तरी एक सवय लावून घ्या. गुंता सोडवताना डाव्या हाताची मूठ सांधा आत येईल अशी घट्ट आवळायची आणि कंगवा फक्त मुठीच्या खाली चालवायचा. सुरुवात टोकापासून. टोकाचे दोन इंच मोकळे झाले की त्याच्यावरचे दोन इंच, असं वर सरकत यायचं. कंगवा अडकला तर खाली खेचायचा नाही, बाहेर काढून त्या जागी बोटं घालायची. बारीक दातांची फणी कपाटात ठेवून द्या, ती आता दोन वर्षं लागणार नाही.

सांध्याला दुसरा त्रास घट्ट बांधण्याचा. उंच पोनीटेलचं रबर बरोबर सांध्यावर आवळलं जातं, कारण सहा-आठ महिन्यांनी सांधा डोक्यापासून तेवढ्याच अंतरावर आलेला असतो. केस मानेजवळ सैल बांधा, सॅटिनच्या स्क्रंचीने किंवा मोठ्या क्लचरने, आणि रोज बांधायची जागा थोडी बदला. घट्ट ओढून बांधल्याने कपाळाजवळचे केस कायमचे मागे सरकतात ते वेगळंच.

पाणी

नागपुरात केसांचं निम्मं गणित पाण्यावर ठरतं. महापालिकेचं पाणी पेंच आणि कन्हानवरून येतं. ते बरं असतं. पण पुष्कळ फ्लॅटमध्ये आणि नव्या लेआउटमध्ये बाथरूमच्या नळाला बोअरचं पाणी असतं आणि ते जड असतं. ओळखायला प्रयोगशाळा नको. कूलरच्या ताट्यांवर आणि जाळीवर पांढरा कडक थर धरतो का बघा. बादलीच्या काठावर, शॉवरच्या भोकांत तसाच थर असेल तर तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा आहे आणि तोच तुमच्या केसांवरही बसतोय. शाम्पूला फेस येत नाही, धुतल्यावरही केस राठ लागतात, कंडिशनर लावूनही न लावल्यासारखं वाटतं, ही त्याचीच लक्षणं. केमिकल झालेला केस जास्त सच्छिद्र असतो, त्यामुळे त्याच्यावर क्षार लवकर बसतात.

घरात दोन्ही पाणी असेल तर केस नळाच्या पाण्याने, सकाळी नळ आले की भरून ठेवलेल्या बादलीतून धुवा. फक्त बोअर असेल तर निदान शेवटचे दोन-तीन मग पिण्याच्या आरओचे घ्या. महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरायचा. बाटलीच्या मागे घटकांत ईडीटीए असतं ते बघून घ्या. त्या दिवशी कंडिशनर नेहमीपेक्षा जास्त आणि जास्त वेळ. बाथरूमला बसवायचे छोटे फिल्टर मिळतात. ते गाळ आणि क्लोरीन अडवतात, पण त्यांनी पाणी हलकं होतं असं समजू नका. त्यासाठी वेगळा सॉफ्टनर लागतो.

धुण्याचा दिवस

आठवड्यातून एकदा निवांत, आणि गरज वाटली तर मधे एकदा झटपट, एवढं पुरतं. निवांत म्हणजे दीड तास हाताशी हवा. रविवारी सगळे जेवून आडवे झाल्यावर बाथरूम मोकळं मिळतं.

आदल्या रात्री किंवा निदान तासभर आधी खोबरेल. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना वाहून जाणारं प्रोटीन कमी करतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. आजीला ते अभ्यासाशिवायच ठाऊक होतं. मात्र तेल टाळूवर चोपडण्यापेक्षा लांबीला, सरळ भागाला आणि सांध्याला लावा. वाटीभर लागत नाही, दोन चमचे पुष्कळ.

मग केसांचे चार भाग पाडा, प्रत्येक भागाला क्लिप. बोटांनीच मोठा गुंता मोकळा करून घ्या. शाम्पू तळहातावर थोडं पाणी घालून पातळ करा आणि फक्त टाळूला लावा, बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. शाम्पू सौम्य हवा, सल्फेट नसलेला असेल तर उत्तम. लांबीला वेगळा शाम्पू लावायचा नाही, वरून ओघळून जातो तेवढ्यात ती स्वच्छ होते. केस डोक्यावर गोळा करून चोळायची सवय तर पूर्ण सोडा, दोन प्रकारचे केस तिथेच एकमेकांत अडकतात.

आता कंडिशनर, आणि यात कंजुसी नको. खराब झालेल्या केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो आणि कंडिशनरमधले मुख्य घटक धन भाराचे असतात, म्हणून ते नेमके खराब जागी जास्त चिकटतात. सरळ भागाला भरपूर, सांध्याला भरपूर, मुळाजवळ नावापुरता. मोठ्या दातांचा कंगवा घ्यायचा तो या क्षणी, केस कंडिशनरने निसरडे असताना, आणि तोही वर सांगितलेल्या मुठीच्या पद्धतीने. पाच-सात मिनिटं थांबा, धुऊन टाका.

प्रोटीनचा कंडिशनर महिन्यातून एकदा. जास्त झालं तर केस काडीसारखे कडक होऊन तुटतात. कधी हवं ते केसालाच विचारा: गळलेला एक ओला केस दोन्ही हातांनी हळूच ताणा. लांबतच गेला आणि परत आला नाही तर प्रोटीन हवं. ताणताक्षणी तटकन तुटला तर प्रोटीन बंद, नुसता ओलावा द्या. बाटलीवर ‘हायड्रोलाइज्ड’ शब्द बघा, म्हणजे प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले की ते केसाला लागू पडतात. अंड्यातलं प्रोटीन मोठं असतं, केसात शिरत नाही. अंड्याची भुर्जी करून खा, केसांना तोच मार्ग जास्त लागू पडेल. दह्याने केस मऊ लागतात, पण वास जायला दोनदा शाम्पू करावा लागतो आणि मग काय मिळवलं?

टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. जुना सुती टी-शर्ट घ्या आणि त्याने पाणी दाबून टिपा.

जवसाचं जेल

बाजारातलं कर्ल जेल महाग असतं आणि आपल्या विदर्भात घरोघरी ज्याची चटणी होते ते जवस त्याच कामाचं आहे. चटणीसाठी भाजलेलं नको, कच्चं घ्या. इतवारीत किंवा कोणत्याही किराणा दुकानात मिळतं.

पाव कप जवस, दोन कप आरओचं पाणी, जाड बुडाचं पातेलं. मध्यम आचेवर ठेवा आणि चमच्याने हलवत राहा, नाहीतर दाणे बुडाला धरतात. पाच मिनिटांत पाण्यावर पांढरा फेस यायला लागतो. मग आच मंद करा. आता चमचा वर उचलून बघत राहायचं. आधी पाणी थेंबाथेंबाने पडतं, मग थेंबामागे शेपटी येते आणि मग एक सलग पातळ तार लोंबायला लागते. ती तार दिसली की लगेच गॅस बंद. आणखी दोन मिनिटं उकळलात तर जेल इतकं घट्ट होतं की दाण्यांपासून सुटतच नाही. पहिल्यांदा करणाऱ्या प्रत्येकीचं घोडं इथेच अडतं.

गाळायचं गरम असतानाच. चहाची गाळणी चालत नाही, तिची भोकं लगेच बुजतात. मलमलच्या ओढणीचा तुकडा किंवा नवा धुतलेला नायलॉनचा पायमोजा भांड्यावर ताणून त्यात ओता, थोडं निवलं की वरून पिळत खाली या. हात चिकट होतात, ओटाही होतो. बुळबुळीत जेल सिंकमध्ये सांडलं तर लगेच भरपूर पाणी सोडा आणि दाणे सिंकमध्ये टाकू नका.

फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये ओट्यावर एक दिवसही ठेवू नका. आंबूस वास आला की फेकायचं, वाया जाईल म्हणून डोक्याला लावायचं नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून दर धुण्याला दोन-तीन खडे काढले तर महिनाभराची सोय होते.

लावायचं अगदी ओल्या केसांवर, पाणी टिपण्याआधी. थोडा लीव्ह-इन (न धुता तसाच ठेवायचा) कंडिशनर आधी, त्यावर जेल. दोन्ही तळहात बटेच्या दोन बाजूंना ठेवून वरून खाली फिरवा, मग केस तळव्यात घेऊन टाळूकडे दाबा. सुकल्यावर केस कडक, पापडी धरल्यासारखे लागतील. ते तसंच व्हायला हवं. पूर्ण कोरडे झाल्यावर तळहाताला दोन थेंब खोबरेल चोळून केस हळूच चुरगळा, पापडी जाते आणि वळण राहतं.

वर कुरळं, खाली सरळ, ते एकसारखं दिसावं म्हणून

पहिल्या सहा महिन्यांत नुसतं जेल पुरत नाही, सरळ टोकं लोंबत राहतात. तेव्हा सरळ भागालाच तात्पुरतं वळण द्यायचं, उष्णतेशिवाय. केस ऐंशी टक्के सुकले की सहा ते आठ सैल वेण्या घाला. वेणी डोक्याजवळून घट्ट नको, टोकाला मात्र जरा घट्ट, आणि शेवटचे दोन इंच स्पंजच्या रोलरवर गुंडाळून टाका, कारण वेणीतून सुटलेलं टोकच सगळं बिंग फोडतं. सकाळी पूर्ण कोरडे झाल्याची खात्री करूनच सोडा. थोडीही ओल असेल तर तासाभरात सगळं उतरतं. बोटांनी दोन-दोन बटा वेगळ्या करा. कंगवा लावलात की रात्रभराची मेहनत गेली.

लग्नाकार्यात सरळ सागरवेणी किंवा सैल अंबाडा घाला, त्यात दोन पोत लपतात आणि फोटोतही बरं दिसतं. कपाळाजवळ उभे राहणारे छोटे कुरळे केस जेलने बसवता येतात. मी म्हणेन राहू द्या, तेच तर आलेत.

दोन्ही पोत जुळवण्यासाठी नव्या मुळांवर रोज स्ट्रेटनर फिरवणं म्हणजे नवीन केसही जाळणं. उष्णतेने गेलेलं वळणही परत येत नाही. पर्म करून सरळ भाग कुरळा करून द्या अशी मागणीही येते. आधीच एकदा बंध तोडून जोडलेल्या केसावर मी ते करत नाही, कुणी करून देत असेल तरी करू नका. आणि ‘सांधा लपवायला एकदाच केराटिन’ ही मागणी तर दर महिन्याला असते. खोक्यावर ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ लिहिलेल्या अनेक क्रीममध्ये त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. असं क्रीम लावून केस सरळ केल्यानंतर एका तरुणीच्या किडनीला पुन्हा पुन्हा इजा झाल्याचं २०२४ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं आणि उंदरांवरच्या चाचणीत बोट त्याच आम्लाकडे गेलं. सोडायला निघालेल्या माणसाने पुन्हा तिकडे कशाला जायचं?

मेहंदीही या दिवसांत नको. ती केसाला कोरडा आणि जड करते, नव्या कुरळ्याचं वळण सैल पडतं. ‘काळी मेहंदी’ म्हणून मिळते तिच्यात बहुधा पीपीडी हा डायच असतो.

ऋतूप्रमाणे

उन्हाळ्यात आपल्या केसांची खरी गंमत होते. बाहेर ४५ अंश, हाडं वाळवणारी हवा, आणि घरात डेझर्ट कूलर, ज्याची हवा दमट. दिवसातून चार वेळा केस कोरड्यातून ओल्यात आणि ओल्यातून कोरड्यात जातात, म्हणून मे महिन्यात ‘सगळं करूनही फुलतात’ अशी तक्रार असते. ग्लिसरीन वरच्या क्रमांकावर असलेलं क्रीम या दिवसांत टाळा. ते ओलावा ओढून घेतं आणि बाहेरच्या हवेत ओढायला काही नसतं. जवसाचं जेल चालतं. कूलर डोक्याच्या थेट समोर ठेवून झोपू नका, वाऱ्याने रात्रभर गुंता होतो. उशीला सॅटिनची खोळ घाला.

गाडीवर जाताना तोंडाला आणि डोक्याला आपण जो सुती स्कार्फ गुंडाळतो तो उन्हासाठी हवाच, पण सुती कापड केसावर घासतं आणि तेल-ओलावा शोषून घेतं. त्याच्या आतून, डोक्याच्या भागापुरता, सॅटिनच्या जुन्या परकराचा तुकडा शिवून घ्या. हेल्मेटच्या आतही तोच येतो. केस विस्कटतात म्हणून हेल्मेट टाळायचं नाही. घामाने टाळू चिकट झाली तर मधल्या दिवशी नुसत्या पाण्याने आणि कंडिशनरने धुवा.

पावसाळ्यात, विशेषतः पोळा-मारबतीच्या सुमारास, उलटा प्रश्न. केस सुकतच नाहीत. ओल्या वेण्या घालून झोपलात तर सकाळी टाळूला कुबट वास, मग कोंडा, खाज. या दिवसांत केस सकाळी धुवा, मुळं पंख्याखाली किंवा ड्रायरच्या थंड हवेवर कोरडी करा आणि मगच बांधा. जेल जरा जास्त, क्रीम कमी. हिवाळा त्या मानाने सोपा, फक्त कढत पाण्याने डोकं धुवायचा मोह आवरा आणि गोठलेलं खोबरेल बाटलीसकट कोमट पाण्यात ठेवा.

गळणं वेगळं, तुटणं वेगळं

कंगव्यात आलेला केस उजेडात धरा. एका टोकाला बारीक पांढरा गोळा असेल तर तो मुळापासून गळला. रोजचे पन्नास ते शंभर असे गळणं स्वाभाविक आहे. कुरळे केस रोज विंचरत नाहीत, म्हणून धुण्याच्या दिवशी आठवड्याचे एकदम हातात येतात, त्याला घाबरू नका. गोळा नसलेले आखूड तुकडे असतील तर तुटणं आहे. त्याचा इलाज मूठ, कंडिशनर आणि कात्री.

पण मुळापासूनचं गळणं अचानक वाढलं तर आधी मागचे महिने आठवा. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळतात आणि बहुधा आपोआप थांबतात. तसं काही घडलं नसेल, भांग रुंदावत असेल किंवा नाण्याएवढी जागा मोकळी झाली असेल तर पार्लरमध्ये येऊ नका, त्वचारोग विभागात जा. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे ओपीडी आहे. रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घेतलं की अंधारात तीर मारणं थांबतं.

शेवटची कापणी

सांधा टोकापासून दोन इंचांवर आला की बाकीचा सरळ भाग एकदम काढून टाका, आणखी रेंगाळू नका. त्या दिवशी केस ओले करूनच सांधा शोधायचा, पण लांबी ठरवताना सावध राहा. सरळ टोकांचं वजन गेलं की वळण वर उसळतं, शिवाय कुरळा केस सुकताना आकसतो. सुकल्यावर हनुवटीपर्यंत हवे असतील तर ओले असताना जवळपास खांद्यापर्यंत सोडायला सांगा, आणि पूर्ण सुकल्यावरच उरलेला आकार कापून घ्या. समोरचे केस मागच्यांपेक्षा सैल वळणाचे निघतील, बहुतेकींचे तसेच असतात. घरी गेल्यावर पहिल्या धुण्याला कंडिशनर नेहमीच्या निम्मा घ्या. सवयीने मूठभर घेतलात तर नव्या केसांना तो जड होतो आणि वळण लोळागोळा पडून राहतं. प्रोटीन महिना-दोन महिने बंद ठेवा. पाण्याची, मुठीची आणि टी-शर्टची पद्धत मात्र तशीच चालू ठेवायची.